धड जाळ्याचा प्रश्न

दादा,

पेज चुलीवर आहे, सुंगटांची कढी तेवढी गरम करून घे. मी पहिल्या एसटीने शाळेत पळतेय.

दहावीच्या सराव पेपरावर तू पेन्सिलीने लिहिलेलं आत्ता बघितलं. आधी रागच आला, मला त्याच्या आणखी झेरॉक्स काढायच्या होत्या. मग वाचलं आणि चहा तसाच राहिला.

पेपरातल्या त्या गोष्टीतला म्हातारा धड असलेलं जाळं रोज शिवत बसतो. का, एवढाच प्रश्न. आमच्या पोरांच्या घरोघरी जाळी, त्यामुळे सगळ्यांचं उत्तर एकच: ‘जाळे फाटले असेल.’ गोष्टीत ते धड आहे असं स्पष्ट लिहिलंय, तरी. पंधरा दिवस घसा फोडून सांगतेय, माणसाच्या मनात शिरा. आणि सातवीत शाळा सोडलेला तू एका ओळीत लिहून मोकळा: ‘हात रिकामे रवले तर नजर दर्याकडे जाता.’

ही ओळ आज मी फळ्यावर लिहिणार. नाव घालणार नाही. दुपारी दोनला तास आहे, येशील? तू सांगितलेलं त्यांना पटेल.

दिवाळीआधी तुझी होडी उलटली, तेव्हापासून मी तुला काहीच विचारलं नाही. तू रोज दारासमोर खळ्यात बसलेला असायचास आणि मी पेपर तपासत होते. चुकलं माझं.

नाही आलास तरी चालेल. फक्त आज जाळा शिवूक बसू नको. ता कधीचाच धड आसा.

विनू