हिरवा पाइप

बिबवेवाडी, पुणे
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप विश्वजीतदादास,
निशाचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. आम्ही बरे आहोत. थंडी पडायला लागली. संस्कृतीची सहामाही चांगली गेली. वहिनींचा गुडघा आता कसा आहे?

अण्णांना जाऊन तीन महिने झाले. सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे, त्यामुळे पार्किंग रिकामं करायचं आहे. आपली पद्मिनी गाडी अजून तिथेच होती, ताडपत्रीखाली. मी भंगारात देऊ म्हटलं होतं. सलिलने ऐकलं नाही. म्हणाला, पूर्ण खोलू, गंज काढू, रंगवू, पुन्हा चालवू. तो हौशी आहे. त्याची-तुझी भेटच झालेली नाही, म्हणून सांगते.

दर रविवारी तो खोलतो, मी स्क्रू श्रीखंडाच्या डब्यांत भरते आणि वर नाव लिहिते. सीटा निघाल्या, दारं निघाली. आत काही ठिकाणी तार, काही ठिकाणी सायकलची ट्यूब. सलिल म्हणाला, “सासरेबुवांनी मला गाडीला हात का लावू दिला नाही ते कळलं. लाजत असणार.” मी हसले. अण्णांच्या लेखी मेकॅनिक म्हणजे लुटारू, तुला माहीतच आहे. घरातला नळसुद्धा त्यांनीच दुरुस्त करायचा.

आज तो गाडीखाली होता. मग विचारलं, “निशा, हे काय आहे?”

ब्रेकची लोखंडी नळी मधेच कापली होती. दोन टोकांमध्ये वीतभर हिरवा रबरी पाइप, दोन्हीकडे क्लिपा. सलिलला आधी वाटलं जुन्या गाड्यांना तसंच असेल. मी ओळखला. आईने ओटा नवा करून घेतला, शेगडी खिडकीजवळ आली, तेव्हा गॅसचा पाइप लांब पडला होता. अण्णांनी कापून उरलेला तुकडा ठेवून दिला होता. तोच हा. मधोमध उभा फाटलेला.

गॅसचा पाइप म्हटल्यावर सलिलने समजावलं. ब्रेकच्या तेलाला फार दाब असतो, असला पाइप तो सोसत नाही. सपाट रस्त्यावर, हळू चालवताना काही दिवस निभेल. घाटात जोरात ब्रेक दाबला की फुटणार आणि पॅडल तळाला जाणार. तो शांतपणे सांगत होता. आई अपघातात गेली एवढंच त्याला माहीत आहे. गाडी हीच होती आणि तू चालवत होतास, दिवे घाटात, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात तू मला म्हणाला होतास, पॅडल खाली गेलं गं. पुढे तू ते म्हणायचं सोडलंस.

गाडी ओढून आणली त्या संध्याकाळी अण्णा टॉर्च घेऊन तिच्याखाली गेले होते. बाहेर आले ते कोणाशी न बोलता अंघोळीला गेले. मला वाटलं, दुःख. त्यानंतर ताडपत्री घातली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. पोलिसांना सांगितलं, मुलगा नवशिका आहे, वेगात होता.

आणि तेराव्यानंतर तू त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंस. “अण्णा, माझंच चुकलं,” म्हणालास. मी दारात उभी होते. ते म्हणाले, “आता बोलून काय उपयोग.”

दादा, त्यांना माहीत होतं.

हे वाक्य लिहून मी नुसती बसून आहे. शेवटपर्यंत त्यांचं सगळं मी केलं. गेले तेव्हा रडले. त्या रडण्याचं आता काय करायचं, समजत नाही. रागसुद्धा धड येत नाही.

सलिलला अजून काही बोलले नाही. आधी तुला.

तू गाडी चालवायची कायमची सोडलीस, असं वहिनी म्हणाल्या होत्या. ब्रेक तू दाबला होतास. आई तुझ्यामुळे गेली नाही.

शनिवारी स्वारगेटहून सकाळची कोल्हापूर एसटी धरते. पाइप घेऊन येते. तुझ्या डोळ्यांनी बघ. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण दार उघड.

पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहायची पद्धत आहे. हे तुला त्याच संध्याकाळी कळायला हवं होतं.

तुझी,
निशा