बाळाचा चष्मा

प्रिय चिमणे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र टेबलावर आपटलं असशील, तर आता उचल. दीड वर्ष माझे फोन कापतेस, म्हणून कागदावर आले. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

तुला भाचा झाला हे आईकडून कळलंच असेल. तीन आठवड्यांचा असताना साहेबांच्या डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उमटली, अगदी गोल. “चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या आईचा मुलगा फ्रेम घालूनच आला,” असं म्हणून तुझे भावोजी हसले. मग कपाळावर, कानामागे तसेच चट्टे उठले आणि हसू मावळलं.

सासूबाईंनी जाहीर केलं, “आमच्या सात पिढ्यांत अशी कातडी नाही.” आई काय ऐकून घेणार? ती उसळली, “जावयाच्या मामांना गजकर्ण होतं, मी लग्नात डोळ्यांनी पाहिलंय!” कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी घराण्याची माहिती विचारली, तर दोघी खुर्च्या ओढून पुढे सरसावल्या. मामांचं गजकर्ण, आत्यांची खाज, कुणाच्या तरी चुलत्याच्या टाचेची भेग, सगळं निघालं. बाईंनी दोन पानं लिहिली, मग पेन खाली ठेवून मलाच विचारलं, “तुमचे डोळे कोरडे पडतात का हो?”

मी म्हटलं, दुकानातल्या एसीने पडतात. डोळ्यांत पाणी किती येतं ते मोजायला त्यांनी माझ्या पापण्यांखाली कागदाच्या पट्ट्या अडकवल्या. पाच मिनिटं मी कुलूप लावलेल्या खिडकीसारखी बसले. पट्ट्या कोरड्याच्या कोरड्या! रक्त तपासलं, तेव्हा उलगडलं. माझंच रक्त माझ्या अंगाशी भांडतं. त्यातल्या अँटीबॉडी वारेतून बाळात उतरल्या, आणि त्यांनी त्याला चष्मा लावला. सहा-आठ महिन्यांत त्या ओसरतात. तोवर त्याला उन्हापासून जपायचं. त्याच्या हृदयाचा आलेख काढला, तो उत्तम आला. सासूबाई विजयी मुद्रेने आईकडे बघणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यात दोष कुणाचाच नाही.” दोघींचे चेहरे एकदमच पडले. आता सासूबाई बाळाच्या खोलीला जाड पडदे शिवताहेत आणि आई उभी राहून टाके मोजतेय.

त्या कोरड्या पट्ट्या बघताना मला तू आठवलीस. बाबा गेले त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही, दगड आहे दगड.” मलाही तसंच वाटलं होतं. डोळे नुसते वाळूसारखे रखरखत होते. मी त्या दिवशी रडत होते गं. पाणीच येत नव्हतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. आम्ही निघताना डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, असं होण्याचा कल जनुकांतून येतो, सख्ख्या बहिणीतही असू शकतो. घरी हे आईला सांगितलं, तर तिच्या हातातली बशी सुटली आणि बशीमागोमाग तुझं गुपित. तिसरा महिना संपत आलाय म्हणे, आणि “ताईला सांगायचं नाही” अशी शपथ घातली होतीस. आईला रागवू नकोस. तुझ्या रक्तात हे नसेलही. असलं तरी बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. पण क्वचित पोटातच हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून चौथ्या महिन्यापासून ते ऐकत राहावे लागतात. माझ्या वेळी कुणाला माहीतच नव्हतं, आम्ही नशिबाने सुटलो. तू नशिबावर सोडू नकोस. तपासणीचं नाव आणि माझा रिपोर्ट सोबत जोडलाय, उद्याच्या उद्या तुझ्या डॉक्टरांना दाखव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, भांडण आपण सावकाश पुढे चालवू. आधी रक्त देऊन ये.

दगड म्हण, काही म्हण, पण तुझीच,
ताई