नळीत अडकलेली टोपी

मुलींचे वसतिगृह, नागपूरच्या पुढे
४ मे २०२५

ती. हरेशदादास,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

फोन गेटवर जमा असतो. रविवारी हातात मिळतो तेव्हा रखवालदार शेजारी उभा राहतो आणि मशीनबद्दल काही बोलू देत नाही. म्हणून बाजारातून हे पत्र टाकते आहे.

आयचा गुडघा कसा आहे? गावी सूर्यमाळला टँकर येतो की अजून दरीत उतरावे लागते? इथे नळाला पाणी आहे, पण ते दुपारी चहा करण्याइतके तापलेले असते. मंगळूकाकांची चैती माझ्या शेजारच्याच मशीनवर आहे. पाड्यावर घराला घर लागून होते, इथे मशीनला मशीन.

आम्ही नेमबाजीच्या खेळाची काडतुसे भरतो. काडतुसाच्या बुडात एक छोटी टोपी बसवायची असते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. टोप्या उभ्या नळीत एकावर एक रचलेल्या असतात. खाली एक पट्टी सरकते, एकेक टोपी काडतुसाखाली आणते आणि दांडा ती दाबून बसवतो. पण महिनाभर टोपी कधी आडवी येते, कधी उलटी, कधी येतच नाही. मग बूड उघडे राहून भरलेली दारू खाली सांडते. चैतीचे मशीन तर माझ्याहून जास्त अडते. सुपरवायझर कमलेश सरांना सांगितले तर म्हणाले, मशीनला काही झालेले नाही, तुमचे हात जंगलातले आहेत. चैती रात्री जेवली नाही.

तू एसटीची इंजिने उघडतोस, तुला कळेल. काय बिघडले असेल ते लिही. इतक्या लांबून माझी बडबड ऐकतोस, तशीच ऐकत राहा.

तुझी
प्राजक्ता


जव्हार
९ मे २०२५

चि. प्राजक्तास,
दादाचे आशीर्वाद, आणि ते जंगलातल्या हातांनीच लिहिलेले आहेत असे तुझ्या सरांना सांग.

आयचा गुडघा होता तसाच आहे. टँकर एक दिवस आड येतो, पण येतो तेव्हा भांडण घेऊन येतो. बा म्हणतो की या वर्षी करवंदे चांगली लागली, पण खायला पोरीच नाहीत.

तुझे पत्र वाचून मी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने तुझे मशीन काढले. सगळे मेकॅनिक भोवती जमले आणि प्रत्येक जण शहाणा झाला. माझा अंदाज असा की टोपी आली नाही की दारू सांडते, तिची भुकटी पट्टीखाली बसते, पट्टी पुरती मागे येत नाही आणि पुढची टोपी आडवी पडते. म्हणजे एक अडली की पुढच्याही अडणार. ती जागा स्वच्छ राहिली पाहिजे. पट्टी मागे ओढणारी स्प्रिंग ढिली झाली आहे का तेही बघ.

आणि नळीत टोपी अडलीच तर बाहेरून पान्याने हलकी टिचकी मार. डिझेलच्या नळीला आम्ही तेच करतो, अडकलेले सुटते. चैतीलाही सांग, म्हणावे जेवण सोडू नको.

आठवण आली की वेडीवाकडी का होईना, दोन ओळी टाक.

तुझा
हरेशदादा


जव्हार
१२ मे २०२५

चि. प्राजक्ता,

आधीच्या पत्रातले टिचकीचे ऐकू नको. हे पहिले वाच, बाकीचे नंतर.

आमच्या डेपोचे रखवालदार भिकामामा पूर्वी पोलिसांच्या शस्त्रागारात होते. आज त्यांनी फरशीवरचे चित्र पाहिले आणि हे काय म्हणून विचारले. मी सांगितले. टिचकीचे सांगताच ते माझ्यावर ओरडले. म्हणाले, अरे, ती टोपी ठोक्यानेच पेटते, तेवढ्यासाठीच ती असते. नळीत एक पेटली की वरच्या सगळ्या पेटतील. तूही लिहिले होतेस की आपटले की ठिणगी पडते. मी ते वाचले होते गं. वाचून माझ्या डोक्यात डिझेलच फिरत राहिले.

तुमच्या गेटवर फोन केला. रखवालदार म्हणाला, मशीनचे निरोप घेत नाही, भावाचा फोन आला होता एवढे सांगेन. मी त्याला विनवले, त्याने ठेवून दिला. पुन्हा लावला, उचलला नाही. सुट्टीच्या गर्दीसाठी जादा गाड्या सोडल्यात, साहेब रजा द्यायला तयार नाहीत. स्पीडपोस्टच्या खिडकीवर उभा राहून हे लिहितो आहे. टोपी अडली की मशीन बंद करायचे, हात काढायचे, माणूस बोलवायचा. सर ओरडले तर ओरडू दे. चैतीला आत्ता, याच मिनिटाला सांग.

हरेश


मुलींचे वसतिगृह
१४ मे २०२५

ती. हरेशदादास,
सा. न.

तुझे नऊ तारखेचे पत्र काल मिळाले. जेवताना मी ते चैतीला वाचून दाखवले. करवंदांचे ऐकून ती रडली आणि तुझ्या खडूच्या चित्राचे ऐकून हसली.

तुझा अंदाज बरोबर निघाला. पट्टीखाली खरेच भुकटी होती. माझ्या मशीनची जागा ब्रशने साफ केली, तेव्हापासून ते नीट चालते. चैतीच्या मशीनची मात्र स्प्रिंग गेली आहे, नवी मिळायला वेळ लागेल म्हणतात. पण तुझी टिचकी तिला लागू पडली. सकाळपासून नळी अडली की पान्याने एकदा मारते आणि टोपी खाली येते. कमलेश सर मागून गेले आणि म्हणाले, बघ, जमते की नाही. आज ती दोन वेळा जेवली. तुला डॉक्टरदादा म्हणते.

तुझा फोन आला होता असे रखवालदार म्हणाला. काय काम होते ते काही त्याने सांगितले नाही. आय बरी आहे ना?

तुझी लाडकी आणि आता हुशारही
प्राजक्ता


सरकारी रुग्णालय
१७ मे २०२५

दादा,

चैतीची नळी फुटली. परवा दुपारी. मी पाठमोरी होते. आवाज झाला, तो मशीनचा नव्हता. वळले तर ती उभीच होती आणि आपल्या हाताकडे बघत होती. मग खाली बसली. उजव्या हाताची दोन बोटे गेली. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डॉक्टर नीट काही सांगत नाहीत.

तुझे दुसरे पत्र काल आले. मी ते रुग्णालयाच्या जिन्यात वाचले.

कंपनीचे साहेब येऊन गेले. म्हणाले, नळीला काही मारू नये असे भिंतीवर लिहिलेले आहे, ही तिची चूक. ते इंग्रजीत लिहिलेले आहे, दादा. कमलेश सरांनी विचारले, मारायला कोणी सांगितले? चैती म्हणाली, कोणी नाही, माझे मीच. मी तिथेच उभी होते. मी बोलले नाही. सर स्वतः मागून बघून गेले होते हेही बोलले नाही.

पाड्यावर रेंज नाही. मंगळूकाकांना तुलाच जाऊन सांगावे लागेल. कसे सांगशील मला माहीत नाही.

प्राजक्ता


जव्हार
२४ मे २०२५

चि. प्राजक्तास,

सूर्यमाळला जाऊन आलो. मंगळूकाका अंगणात कुडाला शेण लावत होते. मी सगळे सांगितले. मारायला मीच लिहिले होते हेही सांगितले. वाटले होते मारतील. मारले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त विचारले, कुठला हात? मी उजवा म्हणालो. मग त्यांनीच आत जाऊन काकूला आपल्या बोलीत सांगितले. ती बाहेर आली, मला बसायला गोणपाट टाकले आणि परत आत गेली. मी त्या गोणपाटावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून होतो. उठताच येईना.

काका-काकूला काल गाडीत बसवले, रुग्णालयाचा पत्ता लिहून दिला आहे. माझी रजा अजून मंजूर नाही.

सोबत वेगळा कागद आहे. टिचकीचा सल्ला मी दिला, चैतीचा त्यात दोष नाही, मशीन बिघडल्याची तक्रार आधीच केलेली होती, असे लिहून सही केली आहे. तो साहेबांना दे. तू गप्प राहिलीस म्हणून स्वतःला खाऊ नको. तुला गप्प बसण्याच्या जागी मीच नेऊन उभे केले.

राग धरायचा तर माझ्यावर धर, पण लिहायचे सोडू नको.

हरेशदादा


मुलींचे वसतिगृह
८ जून २०२५

ती. दादास,
नमस्कार.

चैतीचा डोळा वाचला नाही. काका-काकू तिला घेऊन उद्या निघतील. काकू तिच्या उशाशी बसून असते आणि इथल्या सिस्टरांशी आपल्याच बोलीत बोलते. कोणाला काही कळत नाही, तरी बोलते.

तुझा कागद साहेबांना दिला. कमलेश सरांनी पाहिले होते हेही मी या वेळी बोलले. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, हे तर आमच्याच बाजूचे झाले, कामगार बाहेरच्या माणसाचे ऐकून मशीन हाताळतात हे यात लिहूनच दिले आहे. कागद ठेवून घेतला. मी परत मागितला, दिला नाही. मशीनची माहिती बाहेर कळवली म्हणून मला महिनाअखेरपर्यंतच ठेवणार आहेत.

चैतीने तुला निरोप दिला आहे. तुझे पत्र यायच्या आधीपासून ती नळीला मारत होती, म्हणून तू मनाला लावून घेऊ नये. मी विचारले, खरे का? आधी मारलेले मी कधी पाहिले नव्हते. तिने भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाली, मी सांगते तसे लिही. म्हणून लिहिले.

तिच्या मशीनवर परवापासून नवी मुलगी आली आहे. स्प्रिंग अजून जुनीच आहे. मी तिला सांगितले, टोपी अडली तर काही मारू नको, मशीन बंद कर आणि हात काढ. ती म्हणाली, बंद केले तर परत चालू कोण करणार, आणि माल कमी पडला तर काय सांगू? तेवढ्यात सरांनी हाक मारली म्हणून मी माझ्या जागेवर गेले. दिवसभर तिच्या बाजूने जरा खट्ट झाले की माझे हात थांबत होते.

मी आले की स्टँडवर ये. एकटीने सूर्यमाळच्या गाडीत बसायचे माझ्याने होणार नाही.

तुझी
प्राजक्ता