पिशवीवरची बारीक ओळ

सांगली,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय ब्राह्मीअक्का,

दहा महिने झाले, तुला पत्र नाही की फोन नाही. तू दोनदा केलास तो मी उचलला नाही, आणि अण्णांच्या मोबाइलवर तुझा आवाज आला की उठून दुसऱ्या खोलीत जायचो. त्याबद्दल आधी माफी मागतो. बाकीचं लिहूनच सांगतो, तोंडानं मला जमणार नाही.

गेल्या दिवाळीत तू रहिमतपूरहून आलीस आणि अण्णांना मुगाची धिरडी करून वाढलीस. दुसरं धिरडं ताटात पडलं तसं मी ताट ओढून घेतलं. अण्णांचा हात तसाच पुढं राहिला होता. तू म्हणालीस, "जिनू, मोजून मोजून मारशील रं त्यांना." मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाकडं बोट दाखवलं. डाळ पातळ, एक वाटी. दूध अर्धा कप. कडधान्य बंद. डॉक्टरांनीच दिलेला कागद होता तो. "दोन दिवस राहून तुला काय कळतंय?" असं मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलीस. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, "पथ्य सांभाळले."

डायलिसिसनंतरचं अण्णांचं वजनही मी दर वेळी लिहीत होतो. बावन्न, बावन्न, साडेबावन्न. वजन टिकलंय याचं समाधान वाटायचं. जूनमध्ये डायलिसिसच्या दवाखान्यात अंजना मॅडम नावाच्या आहारतज्ज्ञ नव्यानं आल्या. त्यांनी अण्णांची खोल गेलेली कानशिलं पाहिली, अंगठ्याजवळचं मांस चिमटीत धरून पाहिलं आणि जेवणाचं विचारलं. मी अभिमानानं कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून कोपऱ्यातली तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "सर, हा कागद डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचा आहे. मशीन लागल्यावर प्रथिनं दुप्पट लागतात. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?" मांस झडत होतं, अक्का, आणि त्या जागी पाणी साठत होतं, म्हणून काटा हलत नव्हता. वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय. कुणी सांगितलं असेल-नसेल, मला आठवत नाही. पण कागदावरची तारीख तर मला वाचता येत होती.

त्यात अण्णांचा सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम. डायलिसिसची दुपारची पाळी संपवून घरी पोचेपर्यंत सहा वाजायचे, ते जरा आडवे व्हायचे आणि उठेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस सकाळच्या एका भाकरीवर. सकाळची पाळी मागून घ्यावी हे मला दीड वर्षात सुचलं नाही. आता घेतलीय.

जूनपासून डाळ, पनीर, सगळं सुरू केलं, पण तोवर भूकच मेली होती. प्रथिनांची पावडर उलटून पडायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, डायलिसिस चालू असतानाच नळीतून पोषण देऊ. पांढरीशुभ्र पिशवी टांगली तशी शेजारच्या पलंगावरच्या खातूनबी म्हणाल्या, "आवं अण्णा, आमाला नुसतं मशीन आन् तुमाला दूध बी व्हय!" अण्णा हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हाय रं त्यात? अंड्याचं तर न्हाई न्हवं?"

मी पिशवी वाचलेली होती. मी सगळंच वाचतो. सोयाबीनचं तेल, आणि त्याखाली बारीक अक्षरात, अंड्यातले फॉस्फोलिपिड. मी म्हणालो, "सोयाबीनचं तेल हाय, अण्णा." खोटं काहीच बोललो नाही, असं त्या दिवशी डायरीत लिहिलं आणि मग ते खोडलं. अंड्याशिवायची दुसरी पिशवी असते का, हे डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं, आणि अण्णा हाताच्या अंतरावर होते.

गुण आला, अक्का. दोन महिन्यांत चेहऱ्यावर तजेला आला. परवा बस्तीत जिनदर्शनाला स्वतःच्या पायांनी गेले, पायरीवर थांबून मला म्हणाले, "तू ये मागनं, मी चाललो बघ." चतुर्दशीला उपवास करू दिला नाही म्हणून रुसलेही. इतकं बरं वाटलं मला ते रुसणं.

आज क्षमावाणी. सकाळी आंघोळ करून अण्णा माझ्यापुढं आले आणि त्यांनी हात जोडले. लहानांपुढंही जोडायचे असतात, दरवर्षी जोडतात. म्हणाले, "जिनू, मी तुला लय तरास दिला. जाणता-अजाणता काय चुकलं आसंल तर क्षमा कर." आता मी हात जोडायचे होते. माझे उठलेच नाहीत. जाणून केलेलं पोटात ठेवून मी नुसते शब्द कसे म्हणणार? मी दूध उतू जातंय म्हणून आत गेलो. दूध तापत नव्हतं.

आयुष्यभर ज्यांनी अंडं घरात येऊ दिलं नाही, त्यांच्या रक्तात ते त्यांना न विचारता जातंय. आणि तेच त्यांना उभं करतंय. सांगितलं तर ते नळी काढायला लावतील, अण्णांना आपण दोघंही ओळखतो. दुसरी पिशवी मिळाली नाही तर पुढचं काय, तेही आपल्याला कळतं. पहिल्यांदा कागद पाळून मी त्यांचं ताट ओढून घेतलं. आता खरं सांगून दुसऱ्यांदा ओढणार आहे, असंही असेल. पण हे ताट त्यांचं आहे, ते मी ठरवायचं नव्हतं, एवढंच मला दहा महिन्यांनी समजलंय. त्यांनी नको म्हटलं आणि तू मला दोष दिलास, तर या वेळी फोन उचलून ऐकून घेईन. धिरड्यांबद्दल मात्र तू मला आजच क्षमा कर. अण्णांकडं मागायच्या आधी मला कुठंतरी सुरुवात करायची होती, म्हणून हे पत्र.

तुझाच,
जिनू

ता. क. डायरीत आजच लिहून ठेवलंय. उद्या, मंगळवार : सुई टोचण्याआधी अण्णांना पिशवीवरची ओळ वाचून दाखवणे.