ग्रुपवर ‘चुकलो’ म्हणणाऱ्या आबांना

प्रिय आबा,

आज सकाळी आपल्या शेळी-मेंढीच्या ग्रुपवर एका बाईने फोटो टाकला, आणि तुम्हाला लिहायला बसावंच लागलं. तुम्हाला वाचता कुठे येत होतं म्हणा! तरी लिहिते.

बाई कनेरगाव नाक्याची. शेळी मान टाकून बसलेली, आणि खाली एवढंच, ‘काय करू?’ पाच मिनिटांत उत्तरांचा ढीग पडला. एकाने टॉनिक सांगितलं, दुसऱ्याने पाला, तिसऱ्याने स्वतःच्या दुकानाचा पत्ताच टाकला. मग टॉनिकवाला आणि पालेवाला एकमेकांची अक्कल काढायला लागले. त्या बाईला उलट एक प्रश्न कुणी विचारला नाही.

मी तेव्हा सेनगावजवळच्या एका वस्तीवर शेळ्यांना लसी टोचत होते. दुपारी पाहिलं तर बाई ग्रुप सोडून गेलेली. ॲडमिन म्हणून मीच फोन केला. ती शांतपणे म्हणाली, “शेळी गेली, ताई. तुमचे मेसेज वाचून राहिले होते, तवर गेली.”

तुम्ही असतात तर? आधी विचारलं असतंत, पाणी पिऊन राहिली का, रवंथ करून राहिली का, काल कुठं चरली. लिहिता येत नव्हतं म्हणून माइकचं बटण दाबून बोलायचात, मागे मेंढ्यांचा गलका. आपल्या हट्टा गावच्या माळावरचा तुमचा आवाज माझ्या सासरच्या चुलीपर्यंत यायचा. रोज बापाचा आवाज ऐकणाऱ्या लेकी किती असतील? कितीदा तर तुम्ही नुसतं ‘मला ठावं न्हाई, डाक्टरला दाखवा’ म्हणून थांबायचात. त्या ग्रुपवर ‘ठावं न्हाई’ म्हणणारे तुम्ही एकटेच.

आणि मला ‘मॅडम’ म्हणायचात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आवरेना. फोन करून विचारलं, तर म्हणालात, “लोक म्हणतील बाप-लेकीचा ग्रुप हाय. तुझं काम बिघडंल.” मलाही ते सोयीचं वाटलं. तुम्ही माझे वडील, हे ग्रुपवर कुणाला कधी कळलंच नाही.

मग एकाने ग्रुपवर खोकणाऱ्या शेळीचा व्हिडिओ टाकला. तुम्ही म्हणालात, हवा बदलली, दोन दिस थांबा. ती दुसऱ्याच दिवशी मेली. तुम्हाला कुणी जाब विचारला नव्हता. तुम्हीच सकाळी उठून बोललात, “काल मी चुकलो. थांबा म्हणायला नको व्हतं. इथून पुढं खोकलणारं जनावर माझ्या बोलण्यावर ठेवू नका.”

काहून बोललात हो, आबा? गप्प राहिला असतात तर संध्याकाळपर्यंत सगळे विसरले असते. इथे रोज कुणी ना कुणी चुकतं आणि गुपचूप मेसेज पुसून मोकळं होतं. तुम्ही मात्र स्वतःहून मान पुढे केलीत. हसणाऱ्या चित्रांचा पाऊस पडला. ‘आजोबा, आता मेंढ्यांनाच ज्ञान द्या,’ असं टॉनिकवाल्याने लिहिलं, आणि त्यालाही अंगठे मिळाले.

मी भाकरी थापता थापता सगळं वाचत होते. ‘चूक कबूल करणाऱ्याला हसू नका,’ एवढी एक ओळ लिहिली. मग खोडली. नातं उघडं पडेल, मॅडम बापाची बाजू घेते म्हणतील, अशी भीती वाटली. त्याऐवजी ग्रुपला कुलूप लावलं, आता फक्त ॲडमिनच बोलणार. वाद मिटवला म्हणून स्वतःवर खूशसुद्धा झाले.

तुम्हाला फोन करायचा राहूनच गेला. आज करू, उद्या करू करत आठ दिवस गेले, आणि तुमच्या छातीत कळ आली.

दहाव्याच्या दिवशी आईने सांगितलं की तुम्ही रोज मोबाईल उघडून ते बोलायचं बटण शोधायचात. पोरीला विचारा की, असं ती म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, “माझं बटन मॅडमनीच काढलं. बराबर केलं तिनं.”

बराबर केलं! सगळ्यांचंच बंद होतं हो, तुमचं एकट्याचं नव्हतं. हे सांगायला मला एक फोन पुरला असता. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं.

तुम्ही गेल्यावर मी कुलूप काढलं. कुणीतरी बातमी टाकली आणि श्रद्धांजलीची रांग लागली. टॉनिकवाल्याने तर दोनदा हात जोडले. आणि मी? मीही त्या रांगेत नुसते जोडलेले हात टाकले. तेव्हाही सांगितलं नाही.

आज ती बाई ‘वाचून राहिले होते’ म्हणाली, तेव्हा कळलं की मी कुणाचा आवाज बंद केला.

उद्या सकाळी, तुमच्या मेंढ्या सोडायच्या वेळेला, मी माइक दाबून बोलणार आहे. लिहिणार नाही. लिहिलेलं मी खोडते, मला माझा भरवसा नाही. सांगणार आहे की हट्ट्याचे आबा माझे वडील होते. सगळे त्यांना हसत होते तेव्हा मी गप्प बसले, आणि मी चुकले. मग हसतील ते हसू देत. तुमच्यावर हसले तेवढं तरी माझ्यावर हसू देत. कुलूप लावणार नाही, हा शब्द देते.

तुम्ही ऐकायला नसाल. तरी तुमचं नाव घेऊन बोलेन, मॅडम म्हणून नाही.

तुमची पोरगी,
सुमन