गोधडीची वाकडी ओळ

४ जानेवारी

गोधडी मी शिवणार! ठरवलं बायकोने. लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी तिने जुन्या साड्यांचे तुकडे जोडत आणले होते, दोनच उरले होते — आणि न्हाणीघरात घसरली. खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. फिजिओवाली म्हणते, वॉकर धरून चाला. ही म्हणते, उद्या. सुई मात्र आजच माझ्या हातात.

५ जानेवारी

नियम ऐकले. टाका तांदळाएवढा. ओळ सरळ. गाठ दिसता कामा नये. लालशेजारी हिरवा नाही. शिवण मधून सुरू करून कडेकडे न्यायची. विचारलं, तांदूळ लांब की आखूड?

७ जानेवारी

उरलेल्या तुकड्यांत एक हिरवाच निघाला. लावला लालशेजारी. छान दिसतोय. हिला विचारलं, या नियमाचं कारण काय? म्हणाली, "मावशीची साडी तशी होती. मला मावशी आवडायची नाही."

म्हणजे चाळीस वर्षं या घरात एका साडीची दहशत!

१० जानेवारी

तेहतीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले. मला कोण सरळ रेघ शिकवणार? गुण्या, पट्टी घेऊन बसलो. सुरुवात कडेपासून — नकाशात चौकट आधी. हिला सांगितलं नाही.

१३ जानेवारी

मधोमध फुगा आला. आत मांजर शिवून टाकल्यासारखा. ही पलंगावरूनच म्हणाली, कडेपासून सुरू केलंत ना? बघितलंही नव्हतं! सगळं उसवलं. हा नियम मात्र खरा. सैल कापडाला बाहेर सरकायला जागा लागते.

१६ जानेवारी

फिजिओवाली आली. हिचं डोकं दुखायला लागलं. ती गेली, डोकेदुखी थांबली. वॉकरवर आता टॉवेल वाळतात.

ही घाबरली आहे. पुन्हा पडेन म्हणून. एवढं मलाही कळतं. त्यावर बोलत नाही आम्ही.

२० जानेवारी

कडेच्या दोनच ओळी राहिल्या होत्या. त्यातली एक लेकीशी फोनवर बोलत शिवली — पार नागमोडी. हिला सांगितलं. उसवा, म्हणाली. मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. बाळ काही पट्टी घेऊन जन्माला येणार नाही. मग आणा इकडे, दाखवा, म्हणाली.

"बघायचीय तर तूच ये."

लागट बोललो.

२१ जानेवारी

सकाळी दूध तापवत होतो. मागे टकटक. वळलो नाही. वॉकर पलंगापासून बाहेरच्या खोलीतल्या गोधडीपर्यंत गेला — एकोणीस पावलं. दूध उतू गेलं.

तिने ओळीवरून बोट फिरवलं. सुई मागितली.

"उसवू नका. शेवटची मी घालते. हिच्यासारखीच वाकडी."