न विचारता खायचा भात

मिशनचं आवार, मूल, जिल्हा चांदा
रविवार, ३ ऑक्टोबर १९५४

तीर्थरूप जंगूदादास,

धाकट्या कोलूचा जोहार. वैनीला आणि घरातल्या लहानथोरांनाही जोहार. मी ठीक आहे. गुडघे दुखतात, पण मिशनच्या देवळाची घंटा ओढायला गुडघे लागत नाहीत, एवढं बरं. तुमचं लवकरचं हलकं धान कापून झालं असेल. मागच्या आठवड्यात पाऊस आला, त्यात भिजलं तर नाही ना? इथे बसून मला उगाच काळजी लागून राहते.

आपली बोली मला कागदावर उतरवता येत नाही, म्हणून इथे शिकलो तीच मराठी लिहितो. दादा, तुझी नात वाचून दाखवेल. मंगली बाळ, सावकाश वाच. अक्षर लागलं नाही तर मनचं घालू नको.

परवा आपल्या गावचा वारलू बांबूची गाडी घेऊन आला होता. बैल सोडायच्या आधीच मला म्हणाला, “जंगूभाऊ म्हणते, पुनवेले नव्या भाताचा सण, पंडुम हाये, कोलूले सांग ये म्हणून.” मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तो चिडला. म्हणाला, “मी काय गाणं म्हणून राह्यलो?” दादा, एकतीस वर्षांनी बोलावणं आलं. त्या दिवशी मी संध्याकाळची घंटा दुपारीच वाजवली. बाया कामं टाकून धावत आल्या, मला फार लाज वाटली.

पण आनंद झाला की मला लगेच भीती वाटते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. येऊ की नको? आमच्या देवाला चालेल का? तुमच्या देवाला, पेनाला, चालेल का? त्या वर्षी जे झालं ते झालं, त्याबद्दल आज लिहीत नाही. शेवटी धीर करून आमच्या पादरीसाहेबांना विचारलं. ते नगरकडचे, वयानं तरुण, पण पुस्तकं फार वाचतात. मला वाटलं, रागावतील. ते हसले आणि त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मी अर्ध्याच खुर्चीवर बसलो.

ते म्हणाले, आपला धर्म नवा होता तेव्हा त्यातले पुष्कळ लोक तुझ्यासारखेच होते. साहेबलोक नव्हते. त्यांचे काका, बहिणी, भाऊ जुन्याच देवांना मानायचे. समुद्राजवळ करिंथ नावाचं गाव होतं. तिथे बाजारात मिळे ते मटणसुद्धा कधी कधी देवापुढे ठेवून आलेलं असायचं. घरच्यांनी जेवायला बोलावलं की या नव्या लोकांची पंचाईत. खावं का उठावं? त्यांच्यात भांडणं झाली. मग त्यांनी पौल नावाच्या जुन्या गुरूला पत्र घालून विचारलं.

दादा, एकोणीसशे वर्षांपूर्वी कोणी तरी माझीच काळजी करत बसलं होतं. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीवर मागे सरकून बसलो.

पौलानं उत्तर धाडलं, त्याचा मतलब असा. बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, कुठून आलं ते विचारू नका. पण त्यात एक अडचण ठेवली आहे. कोणी आपणहून सांगितलं की हे देवापुढचं आहे, तर मग खाऊ नका. म्हणून दादा, हात जोडून सांगतो, तू सांगू नको. मला ठाऊक आहे. गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे की पेनाला दिल्याशिवाय आपण नवं धान तोंडात घालत नाही. तरी तू तोंडानं बोलू नको.

साहेब असंही म्हणाले की नाताळात दिवे लावणं, हिरव्या डहाळ्या बांधणं, यातलं पुष्कळ त्या जुन्या लोकांच्या सणांतून आलेलं आहे. म्हणजे तीस वर्षं मी शिडीवर चढून देवळाला आंब्याच्या डहाळ्या बांधतो, ते कोणाच्या तरी आजोबाचंच काम करतो. मला वाटलं होतं, हे ऐकून वाईट वाटेल. नाही वाटलं.

आता मंगली, इथून पुढे वाचण्याआधी तुझी आजी चुलीपाशी आहे ना ते बघ आणि हळू वाच.

दादा, त्या वर्षाबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहिल्याशिवाय येता येणार नाही. बाप्तिस्मा होऊन मला दोनच महिने झाले होते. अंगात नवी ताकद आली होती. सगळे पंगतीत बसलेले, वैनीनं पानावर भात वाढला, त्याची वाफ तोंडावर येत होती. आणि मी मोठ्यानं विचारलं, “हे पेनापुढचं हाये काय?” तू म्हणालास, “होय. मंग कोणापुढं ठेवू?” मी पान सरकवलं आणि उठलो. मी उपाशीच मूलपर्यंत चालत आलो आणि वाटभर रडलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आणि दुसरं. पुढच्या वर्षापासून दर पंडुमाला वारलू मला पळसाच्या पानात बांधलेला नवा भात आणून देतो. “घरून देल्ला,” एवढंच म्हणतो. मी देवळामागे बसून खातो. मीही विचारलं नाही. तेव्हा पौलाचं पत्र मला माहीत नव्हतं, नुसती भूक होती. तुझ्या नकळत वैनी धाडत असणार. तिला त्यावरून बोलू नको. तिच्यामुळेच मी इतकी वर्षं घरचा राहिलो.

बुधवार, ६ ऑक्टोबर

दादा, वरचं तसंच राहू दे. एवढं लिहायला मला तीन दिवस लागले, पुन्हा लिहायला हात चालत नाही. मंगली, आता आजीला बोलव आणि मोठ्यानं वाच.

आज बाजारात वैनी दिसली. सीताफळं मांडून बसली होती. मी चार वेळा पुढून गेलो, पाचव्यांदा थांबलो. म्हटलं, वैनी, एवढी वर्षं तू भात धाडला, तुझे उपकार कसे फेडू? तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“मी कायले धाडू? माया हातचा भात टाकून उठला तू. मी त तुयं नावही घेत नोती.”

मग ती बोटं मोजत मनात काही तरी हिशेब करू लागली. मग म्हणाली, “दरसाली तुया भाऊ पयला भात पानात बांधून गोठ्याकडं जाये. मले वाटे, बैलाले देते.”

आणि हसायला लागली. मीही हसलो. सीताफळं घरंगळली, ती गोळा करताना आम्ही दोघं म्हातारे रस्त्यावर बसून हसत होतो. बाजार बघत होता. मग डोळे पुसून मी तिची माफी मागितली, तिथंच, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, “येशीन त ये. पण औंदा काई विचारलं त भाताचा चाटूच हाणीन.”

हे पत्र पोहोचण्याआधी ती घरी पोहोचेल आणि तुला गाठेल. दादा, तू तोंड फिरवून बसू नको. आता कळून गेलं आहे.

पुनवेला सकाळीच वारलूच्या गाडीत बसतो. साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली आहे, घंटा ते स्वतः ओढणार आहेत. मला तुझ्या डाव्या हाताला बसव, कारण उजव्या कानानंच मला थोडं ऐकू येतं. वैनी वाढेल तेवढं खाईन आणि आणखी मागेन.

तीस वर्षं बैलाचा वाटा खाल्लेला, या वर्षी माणसांच्या पंगतीला येणारा,

तुझा भाऊ
कोलू